माठ एकट्याने होत नाही

आम्हा कुंभारांकडे कोणी आलं की मोबाईल निघतो तो ह्यांच्या चाकासमोरच. बघायला भारी वाटतं, कबूल. पण चाकावरून उतरतो तो काय माठ नसतो, गळा आणि काठ तेवढा झालेला, खालचं अंग जाड आणि बूड उघडंच. तिथून पुढे माझं काम.

माती मात्र दोघांची. तळ्यातला गाळ आणायचा, वाळवायचा, फोडायचा, भिजवून गाळून घ्यायचा, मग घोड्याची लीद आणि राख घालून पायाने तुडवायचा. लीद म्हटलं की लोक नाक मुरडतात पण तीच तर भाजताना जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रं राहतात, त्यातून पाणी पाझरतं, वाऱ्याने उडतं आणि आतलं गार होतं.

ह्यांनी उतरवलेलं भांडं सावलीत जरा आवळलं की मी मांडीवर घेते, आतून दगडी गोटा, बाहेरून लाकडी फळी, फिरवत फिरवत ठोकत जायचं, हळूहळू बूड मिटतं, पोट फुगतं, अंग पातळ होतं. सासूबाईंनी शिकवलं, म्हणायच्या कानाने ठोक गं, जाड जागा वेगळी वाजते. आमच्यात बाईने चाकाला हात लावायचा नाही अशी जुनी रीत. आता विजेचं चाक आलंय, पणत्या नि संक्रांतीची सुगडं मीपण काढते, कोणी काही बोलत नाही.

भांडण होतं ते आव्यावरून, म्हणजे माठ भाजायच्या भट्टीवरून. फेब्रुवारी उजाडला की व्यापाऱ्याचे फोन सुरू, ह्यांना घाई, आणि मी माठ गालाला लावून बघते, गार लागला म्हणजे आत ओल आहे. ओला माठ आव्यात गेला की आतल्या पाण्याची वाफ होऊन फुटतो आणि शेजारच्यालाही घेऊन जातो. ह्या बाबतीत माझंच चालतं. मग मोठे खाली, मधल्या फटीत बारीक माल, गोवऱ्या, गवत, वरून खापऱ्या आणि मातीचा लेप. सुरुवातीला नुसता धूर हवा, जाळ एकदम चढला तर संपलंच, म्हणून रात्री आळीपाळीने जागायचं, हे धूर बघतात, मी कुठे भेग पडली की चिखलाने बुजवते.

उघडायला पण दम धरावा लागतो, गरम असताना गार वारा लागला की तडकतात. मग एकेक बोटाने वाजवायचा, टणटण बोलला तो बाजाराला. बद्द वाजले ते रोपवाला कुंड्या म्हणून नेतो, भाव विचारू नका.