फुरसुंगीचा बनेश आणि त्याचे भा. रा.
आज भाचीला भा. रा. भागवतांची ‘फास्टर फेणे’ ही मुलांसाठीची साहसकथा वाचून दाखवताना पुन्हा जाणवले, की फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवन शाळेत आलेला हा किडकिडीत बनेश, म्हणजेच फास्टर फेणे, सायकलवर टांग टाकून थेट संकटात शिरतो आणि ‘ट्टॉक्’ करतो, तेव्हा लेखक मध्येच येऊन उपदेशाचा एकही डोस पाजत नाही. (मोठ्यांसाठी लिहिणाऱ्या कितीजणांना हे जमते?) या मालिकेच्या लोकप्रियतेपुढे भागवतांचे बाकीचे काम मात्र काहीसे झाकोळले गेले. १९५१ साली त्यांनी ‘बालमित्र’ मासिक सुरू केले आणि फ्रेंच विज्ञानकथाकार ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या ‘चंद्रावर स्वारी’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ अशा रूपांत मराठी मुलांच्या हाती दिल्या. माझ्या मते ही रूपांतरे फेणेच्या तोडीची आहेत.