ईईजीची टोपी: घेर वाढला की इलेक्ट्रोड कुठं सरकतात

ईईजी म्हणजे डोक्याच्या कातडीला इलेक्ट्रोड, म्हणजे वीज टिपणारी छोटी टोकं, लावून मेंदूच्या लहरी मोजणं. त्याची टोपी स्वतः बनवायला घेणाऱ्याचा हात पहिल्यांदा बांधकामावरच्या पिवळ्या हेल्मेटकडं जातो. त्याच्या आत मागच्या बाजूला खटक्यांची चकती असते. ती फिरवली की पट्टा आवळतो. स्वस्त आहे, टिकाऊ आहे आणि लातूरपासून हिंगोलीपर्यंत कुठंही मिळते. तरीही मेंदूच्या लहरी मोजायला ती जशीच्या तशी वापरू नका.

इलेक्ट्रोडची जागा सेंटिमीटरवर नाही, टक्क्यांवर ठरते. हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ साली मांडलेली १०-२० पद्धत आजही जगभर चालते. नाकाच्या मुळाशी जो खळगा असतो, तिथून डोक्यावरून मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत शिंप्याची टेप धरायची. अंतर ३६ सेंमी भरलं तर पहिली खूण १० टक्क्यांवर, म्हणजे ३.६ वर, आणि त्यापुढं दर २० टक्क्यांवर, म्हणजे ७.२ वर. कपाळावरच्या आणि मागच्या १० टक्क्यांच्या खुणांवरून, कानांच्या वरून जो घेर जातो, त्यावर दहा इलेक्ट्रोड येतात आणि दोन शेजाऱ्यांमध्ये घेराचे १० टक्के अंतर असतं. घेर ५४ असेल तर ५.४ सेंमी, ५८ असेल तर ५.८.

म्हणजे चार सेंटिमीटर मोठ्या डोक्यासाठी प्रत्येक जोडीत फक्त ४ मिलिमीटर वाढ हवी. हेल्मेटची चकती मात्र सगळे चार सेंटिमीटर एकाच ठिकाणी उघडते, आणि ते ठिकाण म्हणजे नेमकं ओ-१ आणि ओ-२ या डोक्याच्या मागच्या दोन इलेक्ट्रोडांच्या मधलं. तिथलं अंतर ५.८ व्हायला हवं, ते होतं ९.४. दोन्ही इलेक्ट्रोड आपल्या जागेवरून १.८ सेंमी पुढं ओढले जातात. डोळे मिटल्यावर उठणाऱ्या अल्फा लहरी सर्वांत ठळक दिसतात त्या मागच्या भागात, आणि चूकही सर्वांत मोठी तिथंच होते. पट्टा डोक्यावर चपखल बसतो, म्हणून ही चूक नजरेला दिसत नाही. हे फार वाईट.

उपाय साधा आहे: ताण घेराभर वाटून द्या. दोन इलेक्ट्रोडांच्या मध्ये सारख्याच लांबीचा, एकाच गुंडाळीतून कापलेला इलॅस्टिकचा तुकडा शिवा. रुंदी २० मिमी पुरते. इलेक्ट्रोडचं घर, म्हणजे त्याला धरून ठेवणारा भाग, २० मिमी व्यासाचं धरलं, तर ५० घेराला मधला तुकडा ३ सेंमी भरतो आणि ५५ ला ३.५. शिवणीतलं कापड सोडून तुकडा २.७ सेंमीचा ठेवला, की लहान डोक्यावर तो साधारण ११ टक्के ताणला जातो आणि मोठ्या डोक्यावर ३० टक्के. इथपर्यंत ठीक. ५० ते ६० एकाच टोपीत बसवायला गेलात तर ताण ४८ टक्क्यांवर जातो, अर्ध्या तासात कपाळावर वळ उठतात आणि माणूस टोपी काढून ठेवतो. म्हणून दोन मापं करा: ५० ते ५५ आणि ५५ ते ६०. दुसऱ्या मापाला तुकडा ३.२ सेंमीचा.

डोक्यावरून जाणाऱ्या दोन पट्ट्यांना, पुढून मागं आणि कानापासून कानापर्यंत, दप्तराच्या पट्ट्याला असतं तसं सरकतं बकल चालतं. पण बकल दोन्ही टोकांना लावा आणि सारखंच सरकवा. एकाच बाजूला लावलंत तर टाळूवरचा मधला इलेक्ट्रोड, सीझेड, तिकडं ओढला जातो. हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटं गेली पाहिजेत. तो आवळला की माणूस नकळत दात दाबतो आणि कानशिलाच्या स्नायूंचा खरखराट टी-३, टी-४ या कानांच्या वरच्या इलेक्ट्रोडांवर चढतो.

इलेक्ट्रोडची घरं थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए हे प्लास्टिक नको. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात परभणी-नांदेडला उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवलेली टोपी वाकडी होते. पीईटीजी हे प्लास्टिक घ्या.

आता केस. आपल्याकडं डोक्याला तेल असतंच, आणि तेलाचा थर वीज अडवतो. आदल्या रात्री शाम्पूनं डोकं धुवायला सांगा आणि त्यानंतर तेल नको. अंबाडा बांधला तर ओ-१, ओ-२ खालचा पट्टा उचलला जातो. वेणी मानेपाशी खाली घ्यायची. बाकी इलेक्ट्रोड जिच्या तुलनेत मोजले जातात ती संदर्भाची क्लिप कानाच्या पाळीला लागते, म्हणून झुबे, कुड्या आधी काढायच्या. कोरड्या, म्हणजे जेल न लावता वापरायच्या, इलेक्ट्रोडला गोल टोकाच्या, स्प्रिंगच्या पिना हव्यात. टोपी घातल्यावर प्रत्येक घर डावीउजवीकडं थोडं फिरवलं की पिना केस बाजूला सारून कातडीपर्यंत पोचतात. स्प्रिंगचा दाब स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दाबून बघा. सगळ्या इलेक्ट्रोडांचा आकडा सारखा आला पाहिजे. जेल वापरत असाल तर रोध, म्हणजे कातडी आणि इलेक्ट्रोड यांच्यामधला विजेचा अडथळा, ५ किलोओहमच्या खाली आणा.

उन्हाळ्यात घामाचे दोन त्रास. एक, रेषा सावकाश वरखाली तरंगत राहते. दुसरा जास्त फसवा: खारट घाम किंवा जास्तीचं जेल पसरून दोन इलेक्ट्रोड एकमेकांना जोडतात. रोध छान कमी दिसतो, पण दोन्हींवर हुबेहूब एकच लहर येते. अशी जुळी लहर दिसली की पुसून पुन्हा लावा. कूलर जवळ नको. त्याची मोटर ५० हर्ट्‌झची गुणगुण देते आणि वाऱ्यानं तारा हलतात. तारा पिळून डोक्यामागं एकत्र बांधा. लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा; मोजणारं यंत्र बॅटरीवरच चालवायचं, माणसाच्या अंगाला जोडलेली कोणतीही गोष्ट मेन्सला लावायची नाही.

तपासणी दोन मिनिटांची. डोळे उघडे ३० सेकंद, मिटलेले ३० सेकंद, असं दोनदा. मिटल्यावर ओ-१, ओ-२ वर ८ ते १३ हर्ट्‌झची लहर वाढली, पापणी लवताच कपाळावरच्या दोन्ही इलेक्ट्रोडांवर सारखाच मोठा उसळा आला, तर बसवणी बरी आहे. काही निरोगी माणसांत अल्फा मुळातच क्षीण असते, म्हणून एकाच डोक्यावरून टोपीला दोष देऊ नका. आणि आकडी येणाऱ्या माणसाचं निदान या टोपीवर करायचं नाही. ते काम मेंदूविकारतज्ज्ञांचं.

वापर झाला की कोमट पाण्यात साबणानं धुवून सावलीत वाळवा. केसांतलं तेल रबरात मुरतं आणि इलॅस्टिक ढिलं पडतं. महिन्यातून एकदा टोपी सपाट पसरून तुकडे मोजा. २.७ चा तुकडा ३ भरला तर तेवढा एकच बदलू नका. दहाच्या दहा एकदम बदला, नाहीतर नवा तुकडा जुन्यांना आपल्याकडं ओढतो.