तुम्ही विचारलंत म्हणून: मुलाला पाणी जरा कमी का देत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. गेल्या नऊ वर्षांत हा प्रश्न मला शाळेच्या फाटकापाशी, लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात आणि एकदा तर दवाखान्यातल्या बाकावर बसलेली असताना विचारला गेला आहे, आणि विचारणाऱ्या बहुतेकांच्या बोलण्यात काळजीच होती. “ताई, एवढंसं पोर, त्याला इतकं पाणी कशाला देता? हळूहळू कमी केलं तर सवय मोडेल ना?” माझा मुलगा दिवसाला पाच लिटरच्या आसपास पाणी पितो, तासा-दीड तासाने लघवीला जातो आणि रात्री किमान दोनदा उठतो. पाहणाऱ्याला ती सवय वाटावी, यात काही चूक नाही. पण ती सवय नाही. त्याच्या मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवता येत नाही, आणि ही उणीव जन्मापासूनची आहे.

प्रौढ माणसाची दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि लघवी होते ती जेमतेम दीड-दोन लिटर, कारण बाकीचे पाणी वाटेतच परत शोषले जाते. त्यातला मोठा भाग आपोआप परत येतो. शेवटचा भाग किती परत घ्यायचा, हे मात्र मेंदू ठरवतो. शरीरात पाणी कमी पडू लागले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक रक्तात सुटते, ते मूत्रपिंडातल्या अगदी शेवटच्या नलिकांपर्यंत पोहोचते, तिथल्या पेशींवर त्याचा निरोप घेण्यासाठीच असलेल्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटते, आणि मग पेशीच्या आत तयार असलेली पाण्याची दारे पृष्ठभागावर येऊन उघडतात. या दारांना ॲक्वापोरिन म्हणतात. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. माझ्या मुलाच्या शरीरात संप्रेरक भरपूर आहे, दारेही आहेत. बिघाड आहे तो मधल्या ग्राहकात. निरोप दारापर्यंत येतो, पण तो घेणारे कोणी नाही.

म्हणूनच पाणी कमी करणे हा त्याच्यासाठी उपाय होऊ शकत नाही. तुम्ही-आम्ही पाणी कमी प्यालो तर आपली लघवी कमी आणि गडद होते. त्याची होत नाही. माठात पाणी कमी भरले म्हणून माठाचे झिरपणे थांबत नाही, तो फक्त लवकर रिकामा होतो. त्याची तहान हाच त्याच्या शरीराने शोधलेला बचाव आहे.

या आजाराला नेफ्रोजेनिक डायबेटिस इन्सिपिडस म्हणतात. नावात डायबेटिस असले तरी साखरेशी त्याचा काहीही संबंध नाही, तरीही नाव सांगितले की समोरचा माणूस माझ्या मुलाच्या हातातला पेढा काढून घेतो. असा गोंधळ केवळ घरगुती नाही; तो डॉक्टर-परिचारिकांचाही होतो आणि घातक ठरू शकतो, म्हणून २०२२ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने या आजाराचे नाव बदलून ‘व्हॅसोप्रेसिनला प्रतिरोध’ अशा अर्थाचे नवे नाव सुचवले. ते नागपुरातल्या कागदपत्रांवर रुळायला वेळ लागेल, पण मला ते मनापासून हवे आहे.

आम्हाला हे कळले ते मुलगा पाच महिन्यांचा असताना, एप्रिलच्या अखेरीस. तोवर तो अंगावर पीत होता आणि बरा होता, कारण आईच्या दुधात क्षार आणि प्रथिने तुलनेने कमी असतात आणि ती बाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडांना पाणीही कमी खर्चावे लागते. वरचे गाईचे दूध सुरू केले आणि चित्र पालटले. तो दूध ओकू लागला, त्याला शौचाला खडा होऊ लागला, वजन वाढेनासे झाले आणि रोज दुपारी ताप चढू लागला. प्रतिजैविकांचे तीन डोस झाले, तरी ताप जाईना. दूध पुढे केले की तोंड फिरवणारे ते बाळ चमच्यातल्या पाण्यावर मात्र तुटून पडायचे. मी ते पाहत होते, आणि त्याचा अर्थ मला लागला नाही. बाहेर ४४ अंश तापमान होते. सगळ्यांनी सांगितले की बाळाला ऊन लागले आहे, आणि मलाही ते पटले.

ज्या रुग्णालयात त्याला नेले तिथे लगेच सलाइन लावले. आपण कुठल्याही बाटलीला सलाइनच म्हणतो, पण त्या बाटलीत खरोखरचे मिठाचे पाणी होते. जुलाबाने किंवा उन्हाने कोरडे पडलेल्या बहुतेक मुलांना सुरुवातीला तेच देतात आणि ते योग्यच असते. माझ्या मुलाच्या शरीरात मात्र मीठ राहिले आणि पाणी निघून गेले. रक्तातले सोडियम १३५ ते १४५ च्या दरम्यान असायला हवे. त्याचे आदल्या संध्याकाळी १५८ होते आणि सकाळी १६८ झाले. रात्रपाळीला असलेल्या एका तरुण निवासी डॉक्टर मुलीने सकाळी त्याचे दुपटे उचलले, हातात तोलून पाहिले आणि स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “इतकं कोरडं पडलेलं बाळ एवढी लघवी कशी करतंय?” आमच्या बाबतीत निदान तिथेच झाले, असे मी मानते. तिने लघवी तपासायला पाठवली. ती जवळजवळ पाण्यासारखी पातळ निघाली. बाटली बदलून डेक्स्ट्रोजची, म्हणजे मीठ नसलेल्या साखरपाण्याची लावली गेली. सोडियम घाईने उतरवले तर मेंदूला सूज येऊ शकते, म्हणून ते खाली आणायला चार दिवस लावले. नंतर व्हॅसोप्रेसिनसारखे काम करणारे औषध देऊन पाहिले, त्याने लघवीत काहीही फरक पडला नाही, आणि पुढे जनुकीय तपासणीत एव्हीपीआर२ या जनुकातला दोष सापडला.

उपचार ऐकून लोक गोंधळतात, मीही गोंधळले होते. लघवी वाढवणारे म्हणून ओळखले जाणारे हायड्रोक्लोरोथायझाइड याच मुलांना लघवी कमी करण्यासाठी देतात. त्याने शरीरातले मीठ थोडे कमी होते, मग मूत्रपिंडाचा सुरुवातीचा भाग अधिक मीठ-पाणी परत ओढून घेतो, आणि बिघडलेल्या शेवटच्या भागापर्यंत मुळात कमीच द्रव पोहोचतो. त्याच्या जोडीला पोटॅशियम घटू नये म्हणून ॲमिलोराइड असते. पहिली काही वर्षे लघवी कमी करायला इंडोमेथासिन हे औषधही होते. पण हे सगळे जमते ते जेवणातले मीठ आवरले तरच, कारण मिठाचा प्रत्येक कण बाहेर जाताना पाणी घेऊन जातो. आमच्या घरी वरण-भाजीत मीठ नावापुरते असते, आणि पापड, लोणचे, चिवडा डब्यात बंद. नागपुरात वाढणाऱ्या मुलाला तर्री-पोह्यांच्या गाडीवरून पुढे नेणे सोपे नाही. तो कोरडे पोहे घेतो, तर्री नाही, आणि मी त्याच्यासमोर खात नाही. प्रथिने मात्र आम्ही तोडली नाहीत, कारण वाढत्या वयात ती लागतातच.

उन्हाळ्यात मला सर्वांत जास्त भीती वाटते ती प्रेमाची. मे महिन्यात कोणाच्याही घरी गेले की मुलाच्या हातात मीठ घातलेले पन्हे किंवा लिंबूसरबत येते, आणि तो मलूल दिसला तर कोणीतरी जलसंजीवनीची पुडी फोडते. इतर मुलांना जुलाब झाले तर ती जरूर द्यावी. माझ्या मुलाला तहान लागली असता साधे पाणी हवे असते. त्याच्या दप्तरात आणि माझ्या पर्समध्ये डॉक्टरांच्या सहीचे एक पत्र असते: हा मुलगा उलट्यांमुळे पाणी पिऊ शकत नसेल तर तातडीने दाखल करा, सोडियम तपासा, नेहमीचे सलाइन लावण्याआधी या क्रमांकावर बोला. पुण्याच्या गाडीत बसताना तिकिटाच्या आधी मी ते पत्र तपासते.

शाळेत बाटली बाकावर ठेवायला परवानगी मिळाली. तासाच्या मध्ये लघवीला जाऊ द्यायला मात्र दोन वर्षे लागली. “मधल्या सुट्टीपर्यंत थांबायला शिकू दे,” असे मला सांगितले जायचे. लघवीचे प्रमाण इतके असताना ती रोखून धरली तर मूत्राशय ताणून मोठे होते आणि वर मूत्रपिंडांवर दाब येऊन ती फुगू शकतात. म्हणूनच दरवर्षी त्याची सोनोग्राफी होते. शेवटी वर्गशिक्षिका बाईंना मी तो अहवाल दाखवला आणि त्यांनी त्याला दाराजवळची जागा दिली.

आता जे तुम्ही विचारत नाही, पण विचारायचे असते, तेही सांगते. हा दोष माझ्याकडून आला. तो एक्स गुणसूत्रावर असतो. स्त्रीजवळ दोन एक्स असल्याने एक सदोष असला तरी दुसरा बहुधा काम भागवतो, मुलाजवळ मात्र एकच असतो. माझ्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी होती, आणि मुलगी झाली असती तर तीही माझ्यासारखी वाहक होण्याची शक्यता तितकीच. “आमच्याकडे कोणालाच नाही,” असे मी समुपदेशनाच्या वेळी ठामपणे सांगितले होते. समोर कागदावर आमच्या घराण्याचा आलेख काढला जात होता, बायकांसाठी वर्तुळे, पुरुषांसाठी चौकोन. माझी आई सोबत होती. ती म्हणाली, “हिच्या आधीचा एक मुलगा लिहा.” तो १९७९ च्या मे महिन्यात, काटोलजवळच्या आमच्या गावी, आठ महिन्यांचा असताना गेला. घरात सांगितले जायचे की त्याला ऊन लागले. डॉक्टरांनी विचारले, तो पाणी फार मागायचा का? आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पाण्याची वाटी सोडत नव्हता. ओकतो म्हणून मोठ्या माणसांनी पाणी बंद करायला सांगितलं. दोन दिवस दिलं नाही.” डॉक्टरांनी चौकोन काढला आणि त्यावर तिरकी रेघ मारली.

त्यानंतर माझ्या धाकट्या बहिणीने तपासणी करून घेतली. तीही वाहक आहे. तिने हे सासरी स्वतः सांगितले, आणि आता तिला सातवा महिना आहे. मुलगा झाला तर जन्मतःच नाळेतले रक्त जनुकीय तपासणीला पाठवायचे आणि पहिल्या आठवड्यातच सोडियम पाहायचे, असे ठरले आहे. मागच्या तपासणीला आई हट्टाने तिच्यासोबत गेली होती. डॉक्टरांनी सगळे समजावून झाल्यावर काही विचारायचे आहे का, असे म्हटले, तेव्हा तिने एकच विचारले: बाळाला पाणी कितव्या दिवसापासून देता येईल?