ग्लव्ह्ज घातले म्हणजे झालं?

कोरोना ओसरला आणि डेंटल क्लिनिकमधून सगळ्यात आधी काय गायब झालं असेल तर फेस शील्ड. त्याच्या मागोमाग गाऊन. आता उरलेत ग्लव्ह्ज आणि मास्क, त्यातला मास्कही कित्येक ठिकाणी हनुवटीवर लोंबतो. इंदूरचा मे महिना, बाहेर ४२ डिग्री, एसी धापा टाकतोय आणि अशात गाऊन घालून स्केलिंग, म्हणजे दातांची सफाई, करायची म्हटलं की काय हाल होतात ते मी रोज भोगते, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाही (थोडी ठेवते).

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. पीपीई, म्हणजे ग्लव्ह्ज, मास्क, गाऊन, चष्मा हे सगळं, घालायला सगळेच शिकतात, घातल्यावर हात कुठे न्यायचा नाही आणि ते अंगावरून काढायचं कसं हे फार थोडे शिकतात. ग्लव्ह्ज घातले की माणसाला वाटतं आपण सेफ, मग त्याच हाताने ड्रॉवर उघड, लाइटचं हँडल फिरव, मोबाईल वाजला की बघ कोणाचा आहे, चष्मा वर सरकव. म्हणजे पेशंटची थुंकी आणि रक्त ग्लव्ह्जवरून अख्ख्या क्लिनिकभर फिरून आलं, तुमचा हात तेवढा कोरडा राहिला. मला कोणी विचारलं की ताई, चांगला डेंटिस्ट कसा ओळखायचा, तर मी सांगते, डिग्रीची फ्रेम नंतर बघा, आधी त्याच्या हाताकडे बघा. मध्येच काही घ्यायचं असेल तर तो असिस्टंटला मागतो का, हँडलवर प्लास्टिकचं कव्हर आहे का, की सरळ ड्रॉवरमध्ये हात घालतो.

आणि दोन पेशंटच्या मध्ये ग्लव्ह्जवरच सॅनिटायझर चोळायचा प्रकार, तो तर बघवत नाही. अल्कोहोलने लेटेक्स चिकट होतं, डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात, आणि वाचतात किती, तर चार-सहा रुपये. पेशंट बदलला की जोडी बदलली, यात घासाघीस नाही. काढल्यावर हातही धुवायचेच. एक काकू मला नेहमी म्हणतात, अगं ग्लव्ह्ज होते ना तुझ्या हातात, मग परत कशाला धुतेस, तर काकू, नव्या ग्लव्ह्जमध्येसुद्धा बारीक छिद्रं असू शकतात आणि आतल्या घामट उबेत जंतूंची मजाच असते. साबणाने धुवायचे तर ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझर असेल तर २० ते ३०. व्हॅसलिन किंवा तेलकट क्रीम लावून लेटेक्स घालू नका, ते विरतं. आणि हे खास नवीन बीडीएसवाल्यांसाठी, लेटेक्स घालून दातांचं माप घ्यायची सिलिकॉनची पुट्टी मळलीत तर ती नीट सेट होत नाही, लेटेक्समधलं सल्फर आडवं येतं, मग बसा कंपनीला शिव्या घालत! त्यासाठी व्हायनल किंवा नायट्राइल.

आता काढण्याबद्दल. घालताना गाऊन, मास्क, चष्मा आणि शेवटी ग्लव्ह्ज. काढताना सगळ्यात घाण ते आधी, म्हणजे ग्लव्ह्ज. मनगटाजवळ बाहेरून चिमटीत धरून उलटा सोलायचा, तो दुसऱ्या हाताच्या मुठीत ठेवायचा, मग उघडं बोट दुसऱ्या ग्लव्हच्या आतून घालून तोही उलटा, पहिला त्याच्या पोटात. हात साफ. मग चष्मा किंवा शील्ड, मागच्या काड्यांना धरून. मग गाऊन, आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत. मास्क सगळ्यात शेवटी, तोही ट्रीटमेंट रूमच्या बाहेर येऊन, पट्ट्यांना धरून, आणि परत एकदा हात साफ. वाचायला लांबलचक वाटतं पण सवय झाली की मिनिटभर लागतो. घाईत लोक आधी मास्क खाली ओढतात, त्याच ग्लव्हने, थेट नाकाजवळ. इथेच सगळी मेहनत पाण्यात.

मास्कचं म्हणाल तर साध्या सर्जिकल मास्कने शिंतोडे अडतात पण बाजूच्या फटीतून हवा आत येतेच. अल्ट्रासोनिक स्केलर आणि मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेणारा एअरोटर (दात कोरायचं ड्रिल) यांनी जो बारीक फवारा उडतो तो हवेत तरंगत राहतो. एन९५ त्यातले ०.३ मायक्रॉनचे कण किमान ९५ टक्के गाळतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दाढीवाले भिया लोक, तुमच्यासाठी वाईट बातमी आहे, दाढीवर तो बसत नाही. व्हॉल्ववाला तर क्लिनिकमध्ये नकोच, तुमचा श्वास न गाळता पेशंटच्या तोंडावर जातो. आणि मास्क ओला झाला की मधल्यामधे बदला, ओल्या मास्कमधून श्वास जड होतो आणि हवा कडेकडेने शिरते. शील्ड लावली म्हणून मास्क काढायचा नसतो, ती खालून उघडीच असते. घरचा नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, बाजूने उडालेला स्केलिंगचा तुकडा सरळ डोळ्यात. पेशंटलाही चष्मा द्या, त्याच्याच तोंडावरून आपण अणकुचीदार वस्तू इकडून तिकडे देत असतो.

आता जे कोणीच बघत नाही ते. क्लिनिकमध्ये सगळ्यात जास्त धोका कोणाला, तर मागे सिंकवर इन्स्ट्रुमेंट्स धुणाऱ्या बाईला. प्रोब, स्केलर, रूट कॅनलच्या वापरलेल्या फाइल्स, सगळं टोकदार आणि रक्ताळलेलं, आणि तिच्या हातात तेच तपासायचे पातळ ग्लव्ह्ज. ते सुईला अडवत नाहीत. तिला कोपरापर्यंत येणारे जाड रबरी ग्लव्ह्ज हवेत, एप्रन हवा, डोळ्यावर चष्मा हवा, लांब दांड्याचा ब्रश हवा. हे ग्लव्ह्ज धुऊन परत वापरता येतात, म्हणजे खर्चाचं रडगाणंही नको. सांगितलं की उत्तर ठरलेलं, "मॅडम, इनमें पकड़ नहीं बनती." बनती है, सवय लागते.

कचऱ्याचंही तसंच. २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर आला म्हणून आपण इंदूरवाले मिरवतो, घरी ओला-सुका इतका चोख वेगळा करतो की गाडीवाल्यालाही बोलायला जागा नाही, आणि क्लिनिकमधला रक्ताचा मास्क मात्र कागदांच्या डब्यात. २०१६ च्या बायोमेडिकल वेस्ट नियमांप्रमाणे रक्ताचा कापूस आणि मास्क पिवळ्या पिशवीत, ग्लव्ह्ज आणि थुंकी ओढायची सक्शन टिप लाल पिशवीत, सुया-ब्लेड न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. घरच्या कचऱ्याच्या गाडीत यातलं काहीच जात नाही.

सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवा, दाबून रक्त काढत बसू नका, आणि लगेच सरकारी हॉस्पिटल गाठा, एचआयव्हीची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकं बरं. लस न घेतलेल्याला हेपॅटायटिस बी लागण्याचा धोका एचआयव्हीपेक्षा कितीतरी जास्त, त्यात हा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान ७ दिवस टिकतो. लस तीन डोसांची, ०, १ आणि ६ महिने, नंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडी मोजायची टेस्ट, करायचा, १० च्या वर यायला हवा. कमी आला तर कोर्स परत. डॉक्टरांनी स्वतःचा केलेला असतो बहुतेक. सिंकवरच्या बाईचा केलाय का, तेवढं विचारा.