तुम्ही विचारलंत म्हणून: झाड असताना टाकी कशाला?

आमच्या शेजारच्या अण्णांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. मी प्रयोगशाळेत औषधासाठी झाडांच्या पेशी टाकीत वाढवते हे कळल्यावर त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "मॅडम, कॅन्सरचं औषध झाडातच असतं ना? मग झाडं लावा की. टाकीत कशाला?" तेव्हापासून हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही विचारला गेलाय.

उत्तर झाडागणिक बदलतं.

पॅक्लिटॅक्सेल घ्या, म्हणजे टॅक्सॉल. स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरवर ते सर्रास देतात. 1971 मध्ये त्याची रचना प्रसिद्ध करणाऱ्यांत मनसुख वाणी होते. अमेरिकेत संशोधन केलं, पण जन्म 1925 चा, आपल्या नंदुरबारचा. इकडे हे फार कुणाला ठाऊक नसतं, म्हणून मी मुद्दाम सांगते. औषध सापडलं पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीत. किलोभर औषधाला साधारण दहा टन साल, म्हणजे तीनेक हजार झाडं. साल काढली की झाड मेलंच. आणि हे झाड वाढतं इतकं हळू की आज लावलेलं आपल्या नातवाच्याही कामी येईल की नाही, शंकाच. पुढे युरोपातल्या यूच्या पाल्यातून कच्चा रेणू काढून त्यावर रासायनिक काम करायचा मार्ग निघाला. त्याने साल वाचली, पाला मात्र लागायचाच.

टाकी आली ती इथे. नाशिकमध्ये 'टिश्यू कल्चर' म्हटलं की लोकांना जळगावची केळी आठवतात. तिथे बाटलीतून शेवटी रोप बाहेर येतं. आमच्याकडे रोप येऊच द्यायचं नसतं. यूच्या कोवळ्या फांदीचा तुकडा जेलीवर ठेवायचा, ऑक्सिन आणि सायटोकायनिन ही वाढीची संप्रेरकं द्यायची (अण्णा, तुम्ही बागेत वापरता ते सिक्स बीए सायटोकायनिनच). महिन्या-दोन महिन्यांत त्यावर तपकिरी, भुसभुशीत गोळा धरतो. तो साखरपाण्यात सोडून हलवत ठेवला की पेशी सुट्या वाढतात. ना मूळ, ना पान.

पण नुसती वाढलेली पेशी औषध देत नाही. सुखात असलेल्या पेशीला ते बनवायची गरजच वाटत नाही. मग तिला घाबरवायचं. मिथाइल जास्मोनेट हे जाई-चमेलीच्या सुगंधातलं द्रव्य. कीड पान कुरतडते तेव्हा झाड स्वतःच ते बनवतं. ते टाकीत थेंबभर गेलं की पेशी हल्ला झालाय असं समजून पॅक्लिटॅक्सेल करायला लागतात. जर्मनीत 75,000 लिटरपर्यंतच्या टाक्यांत हे होतं. पेशींपासून औषध करण्याच्या या पद्धतीसाठी ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या औषध कंपनीला 2004 मध्ये अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा पुरस्कार मिळाला.

आता अंगणातली सदाफुली. तिच्यातून व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही कॅन्सरची औषधं मिळतात, पण ग्रॅमभर व्हिनब्लास्टिनला पाचशे किलो वाळलेली पानं लागतात. टाकीचं काम वाटतं ना? इथेच टाकी हरली. या औषधाचे टप्पे पानातल्या वेगवेगळ्या पेशींत वाटलेले असतात. एकीचं काम झालं की माल दुसरीकडे जातो. सुट्या केलेल्या पेशींमध्ये ही साखळीच तुटते. सदाफुली वर्षभरात वाढते, म्हणून तिची शेतीच परवडते. 2022 मध्ये शास्त्रज्ञांनी यीस्टमध्ये तीसहून जास्त टप्पे बसवून व्हिनब्लास्टिनचे दोन मूळ घटक बनवून दाखवले, पण तो वेगळा मार्ग. (पानं चघळू मात्र नका. कृपा करा. पानात किती विष आहे हे कुणी मोजलेलं नसतं.)

सह्याद्रीतलं नरक्याचं झाड मला जास्त छळतं. त्याच्यातल्या कॅम्प्टोथेसिनपासून टोपोटेकन, इरिनोटेकन ही कॅन्सरची औषधं बनतात, आणि त्यापायी जंगलात तो चोरून तोडला गेला. कॅम्प्टोथेसिन शोधणाऱ्यांतही हेच नंदुरबारचे वाणी. नरक्याच्या पेशी टाकीत वाढतात, औषध मात्र नखभर देतात. लागवड हाच खरा उपाय, असं माझं मत आहे. पेशी वाढवणाऱ्या बाईने असं म्हणावं हे सहकाऱ्यांना रुचत नाही.

परवा अण्णांनी नवाच प्रश्न काढला. "हंगाम संपला की वायनऱ्यांच्या स्टीलच्या टाक्या रिकाम्याच असतात. त्यात करा की तुमच्या पेशी."

कल्पना वाईट नाही, पण वाइनला तिची आंबटाई आणि अल्कोहोल सांभाळतं, आणि यीस्ट दोन-तीन तासांत दुप्पट होतं. यूच्या पेशीला आठवडा-दोन आठवडे लागतात, तेही गोड, मिळमिळीत पाण्यात. एक बुरशीचा कण आत गेला की दोन दिवसांत सगळं तिचंच. एका उन्हाळ्यात लाइट गेली, मी घाईत मेणबत्तीच्या उजेडात बाटल्या उघडल्या आणि नऊ महिने जपलेल्या पेशी काळ्या पडल्या. चूक माझीच होती.

अण्णांनी ऐकून घेतलं. "म्हणजे द्राक्षावरच्या भुरीच्या बुरशीसारखंच," म्हणाले, आणि फवारणीला गेले.