गणपतीच्या आधी गाद्या उघडताना

जिथे अस्वच्छता तिथे ढेकूण, अशी समजूत आमच्या कोकणात घट्ट रुजलेली आहे. ती चुकीची तर आहेच, शिवाय तिच्यामुळे नुकसानही होते. कारण ज्यांच्या घरी ढेकूण सापडतो ते लाजेने गप्प राहतात आणि तेवढ्या काळात तो शेजारच्या खोलीत जाऊन पोहोचतो. ढेकणाला कचऱ्याशी काही देणेघेणे नाही, त्याला फक्त रक्त लागते. त्याला उडता येत नाही आणि उडीही मारता येत नाही. एका खोलीतून दुसरीत तो चालत जातो, पण गावोगावचा प्रवास मात्र आपल्या सामानातूनच करतो.

भाद्रपदात मुंबईचे चाकरमानी रेल्वेने, एसटीने, खाजगी गाड्यांनी गावी येतात, त्यांच्या बॅगा माजघरात एकावर एक रचल्या जातात आणि माळ्यावर गुंडाळून ठेवलेल्या गाद्या ओटीपासून पडवीपर्यंत ओळीने अंथरल्या जातात. बॅगेच्या शिवणीत लपून आलेली एक फळलेली मादीसुद्धा पुरेशी असते, कारण ती रोज थोडी थोडी करत आयुष्यात दोनशेहून अधिक अंडी घालू शकते आणि आपल्याकडच्या उबदार हवेत ती साधारण आठ-दहा दिवसांत फुटतात. म्हणून पाहुण्यांना बोल लावावा, असे मात्र मला मुळीच वाटत नाही. गावच्या गादीतला ढेकूण त्यांच्याच बॅगेतून परत मुंबईच्या खोलीत जातो, हेही तितकेच खरे आहे.

घर बंद होते म्हणजे ढेकूण उपाशी मेले असतील, या भरवशावर कोणी राहू नये. मोठा ढेकूण रक्ताशिवाय काही महिने तग धरतो, त्यामुळे शिमग्यानंतर कुलूप लावलेले घर गणपतीला उघडताना आधी बॅटरी घेऊन शोध घ्यावा. गादीची शिवण, पलंगाचे सांधे, खाटेची नवार, मच्छरदाणीची घडी, भिंतीवरच्या तसबिरींची मागची बाजू आणि गिलावा न केलेल्या चिऱ्यांमधल्या फटी या त्याच्या लपण्याच्या जागा आहेत. तिथे शाईच्या थेंबांसारखे काळे ठिपके किंवा पिवळसर काती दिसल्या, तर ढेकूण समोर दिसण्याची वाट पाहू नये. ढेकणांमुळे माणसांत रोग पसरतो असे सिद्ध झालेले नाही. पण रात्र रात्र खाजवत जागणाऱ्या लहान मुलाला आणि म्हाताऱ्या माणसाला त्याने काय दिलासा मिळणार?

गाद्या उन्हात टाकण्याची आपली रीत चांगली असली, तरी एवढ्याने काम भागत नाही. ढेकूण आणि त्याची अंडी मरण्यासाठी सुमारे ५० अंश सेल्सिअसची उष्णता आतपर्यंत पोहोचावी लागते. किनाऱ्यावरच्या उन्हात जाड कापसाच्या गादीचा गाभा तेवढा तापेल याची खात्री नसते आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो. चादरी, अभ्रे आणि पातळ गोधड्या कढत पाण्यात, साधारण ६० अंशांना धुणे अधिक खात्रीचे. भाद्रपदात तर ऊनच नसते, म्हणून गाद्यांची तपासणी आणि फटी बुजवण्याचे काम वैशाखातच उरकावे. प्रवासाहून आल्यावर बॅग पलंगावर ठेवू नये, कपडे थेट धुण्यात टाकावेत. जुना पलंग विकत घेताना त्याचे सांधे उघडून पाहावेत. घरगुती निवास चालवणाऱ्यांनी पाहुणे गेल्यावर प्रत्येक वेळी गादीच्या शिवणी तपासाव्यात. पांढरे अभ्रे आणि चादरी वापरल्या तर डाग लगेच लक्षात येतात.

औषधांविषयी मला खरी काळजी वाटते. डीडीटी या कीटकनाशकाला दाद न देणारे ढेकूण १९४७ मध्येच हवाई बेटांवर आढळले होते, आणि आज बाजारातल्या अनेक फवाऱ्यांचीही तीच गत झाली आहे. धुराचे डबे फटींच्या आत पोहोचत नाहीत. सांध्यांत रॉकेल ओतणे म्हणजे लाकडी घरात आगीला आमंत्रण. सर्वांत घातक म्हणजे धान्याच्या किडीसाठीच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या: हवेतल्या दमटपणाने त्यांतून विषारी वायू सुटतो आणि आपली हवा तर बारमाही दमट. माणसे राहतात त्या घरात, आणि शेजारच्या खोलीतसुद्धा, त्या कधीही ठेवू नयेत. ढेकूण वाढलेच असतील तर परवानाधारक कीटकनियंत्रकाला बोलवावे. पहिल्या फवारणीतून वाचलेली अंडी पुढे फुटतात, म्हणून दोन आठवड्यांनंतरच्या दुसऱ्या फेरीची तारीख त्याच्याकडून पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावी.