दसऱ्याला हरारेत: आफ्रिकेची टी-ट्वेंटी पात्रता स्पर्धा

आफ्रिकेची टी-ट्वेंटी पात्रता स्पर्धा बघायला जायचा विचार असेल आणि पुरी स्पर्धा बघण्याइतकी रजा हातात नसेल, तर अंतिम सामना सोडा, उपांत्य फेरीचा दिवस गाठा. कारण साधं आहे. २०२५ साली २०२६च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या जागा दोन होत्या, आणि त्या अंतिम फेरीत पोचणाऱ्या दोघांनाही मिळणार होत्या. त्यामुळे खरा जीव टांगणीला लागला तो उपांत्य सामन्यात. हा दिवस आला २ ऑक्टोबरला, ऐन दसऱ्याला. घरची मंडळी सोनं वाटत होती तेव्हा मी झिम्बाब्वेच्या राजधानीत, हरारे स्पोर्ट्‌स क्लबच्या गवतावर बसून टांझानियाची फलंदाजी बघत होतो. सीमोल्लंघनाला याहून चांगली जागा मला सुचत नाही.

स्पर्धा २६ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर अशी होती. एका गटात झिम्बाब्वे, युगांडा, टांझानिया, बोत्सवाना. दुसऱ्यात नामिबिया, केनिया, नायजेरिया, मलावी. नामिबिया आणि युगांडा २०२४चा विश्वचषक खेळले होते म्हणून थेट आले. बाकीचे सहा संघ आधीच्या फेऱ्यांतून झगडत वर आले होते. त्याच फेऱ्यांत नैरोबीत झिम्बाब्वेने गांबियाविरुद्ध ४ बाद ३४४ धावा चोपल्या होत्या, सिकंदर रझाने ४३ चेंडूंत नाबाद १३३. आणि महिनाभरात लागोसला नायजेरियाने आयव्हरी कोस्टचा डाव सात धावांत आटोपला होता. असे आकडे बघून काही लोक या क्रिकेटला नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. सात धावांत बाद झालेली पोरं पुन्हा पॅड बांधून उभी राहतात, तेव्हाच कुठे एखाद्या देशात खेळ रुजायला लागतो.

यजमान झिम्बाब्वेची अवस्था समजून घ्यायची तर नामिबियाच्या राजधानीत, नोव्हेंबर २०२३च्या विंडहूकला जावं लागतं. तिथे युगांडाने झिम्बाब्वेला पाच गडी राखून हरवलं आणि २०२४च्या विश्वचषकाचं तिकीट काढलं. वीस संघांच्या त्या विश्वचषकात कसोटी खेळणारा एकच देश नव्हता, तो झिम्बाब्वे. ते शल्य हरारेत दोन वर्षांनीही ताजं होतं. टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत ज्याच्याशी क्रिकेटचा विषय निघाला, त्याच्या बोलण्यात ‘या वेळी तरी’ आलंच.

हरारे स्पोर्ट्‌स क्लब हे मैदान बघण्यासाठीसुद्धा या दिवसांत जावं. सप्टेंबरअखेर जॅकरंडा फुलतो. मैदानाभोवती जांभळी झाडं, एका बाजूला उतरत्या छपराचं जुनं पॅव्हिलियन, आणि सीमारेषेला चिकटून ‘कॅसल कॉर्नर’, पाठीराख्यांचा कोपरा. गाणी, ढोल, नाच सगळं तिथेच. बायकामुलांबरोबर असाल किंवा सामना शांतपणे बघायचा असेल, तर गवताच्या उतारावर सावलीची जागा सकाळीच धरा. शहर समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या आसपास आहे, हवा कोरडी, घाम जाणवत नाही आणि कातडी मात्र भाजते. टोपी आणि पाणी हवंच. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची: राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान मैदानाला लागूनच आहे. त्या बाजूला, तिथल्या पहारेकऱ्यांकडे मोबाइल रोखू नका. फोटो मैदानात शिरल्यावरच काढा.

दसऱ्याच्या दिवशी आधी नामिबिया-टांझानिया. नामिबियाने ६ बाद १७४ केल्या, त्यात जेजे स्मिटच्या नाबाद ६१. टांझानियाला वरिष्ठ पुरुष संघासाठी विश्वचषकाचं दार पहिल्यांदा उघडण्याची संधी होती, पण ८ बाद १११ वर षटकं संपली. हस्तांदोलन झाल्यावरही त्यांचे दोन खेळाडू सीमारेषेच्या दोरीशी बराच वेळ बसून होते. एकाने एक पॅड सोडला होता, दुसरा तसाच पायाला. शेजारच्या झिम्बाब्वेच्या पाठीराख्यांनी उठून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. नंतर झिम्बाब्वेसमोर केनिया. २००३च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी गाठलेला हा देश आज कुठे आहे हे बघून वाईट वाटतं. राकेप पटेलने ६५ धावा काढल्या म्हणून ते १२२ पर्यंत तरी पोचले. मग ब्रायन बेनेटने एका षटकातल्या सहाही चेंडूंवर चौकार मारले. तिसऱ्या चौकारानंतर कॅसल कॉर्नरमधलं गाणं थांबलं आणि नुसता आकडा ऐकू यायला लागला. याच पोराने दोन दिवस आधी टांझानियाविरुद्ध १११ केल्या होत्या. पंधरा षटकांत सामना संपला, झिम्बाब्वे विश्वचषकात, आणि अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात.

गटातले काही सामने ताकाशिंगा क्लबवर होते, हायफील्ड या हरारेतल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत. तिथे एक दिवस जरूर काढा. ततेंदा तायबू, हॅमिल्टन मसाकाझा, एल्टन चिगुम्बुरा, प्रॉस्पर उत्सेया हे झिम्बाब्वेचे खेळाडू या भागातले. तायबू विशीत कसोटी कर्णधार झाला. झिम्बाब्वेचं क्रिकेट गोऱ्यांच्या शाळा-क्लबांतून बाहेर आलं ते या वस्तीमुळे, आणि ते इथे डोळ्यांना दिसतं. मुख्य सामना चालू असताना बाजूला दहा-बारा वर्षांची पोरं आपला डाव मांडून बसली होती. चेंडूची शिवण उसवलेली, पण गोलंदाजी करणारा मुलगा प्रत्येक वेळी बोटं शिवणीवर नीट बसवूनच धावत होता. इथे खायला मापुती, म्हणजे मक्याच्या फुगवलेल्या लाह्या, आणि शेंगदाणे मिळतात. हायफील्डला जाताना ओळखीचा टॅक्सीवाला ठरवा, त्यालाच परतीची वेळ सांगून ठेवा, आणि अंधार पडायच्या आत निघा.

आता पुढच्यांसाठी कामाचं. मुंबईहून अदिस अबाबामार्गे जाणं मला सोयीचं वाटलं. यात एक मेख आहे. इथिओपिया पीतज्वराच्या देशांत मोडतो. विमानतळावरच थांबलात तर अडचण नाही, पण लांबच्या थांब्यात विमान कंपनीने दिलेल्या हॉटेलवर गेलात, तर भारतात परतताना लशीचा दाखला मागतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला ग्राह्य धरतात, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. झिम्बाब्वेचा व्हिसा ऑनलाइन निघतो. छापील प्रत जवळ ठेवा.

पैसे म्हणजे अमेरिकन डॉलर. एप्रिल २०२४ पासून झिग हे स्थानिक चलन आहे, तरी रोजचा व्यवहार डॉलरमध्येच होतो. एक, दोन, पाचच्या नोटा भरपूर न्या, कारण सुट्ट्याची बोंब आहे. फाटकी किंवा मळकी नोट कोणी हातात धरत नाही. मुंबईत पैसे बदलून घेतानाच नोटा तपासून घ्या. प्लग ब्रिटिश पद्धतीचा, चौकोनी तीन पिनांचा. वीज जाते, त्यामुळे पॉवर बँक हवीच. नळाचं पाणी पिऊ नका.

खाण्याचं काय, हे सगळे विचारतात. साडझा हे इथलं मुख्य अन्न, पांढऱ्या मक्याच्या पिठाचं, ज्वारीच्या घट्ट उकडीसारखं. सोबत मुरिवो ही पालेभाजी मागितली की शाकाहारी माणसाचं पोट भरतं, फक्त भाजीत मांसाचा रस्सा घातलेला नाही ना हे आधी विचारा. हाताने खायचं असल्यामुळे आपल्याला अवघड जात नाही. बेल्वेडिअर आणि रिजव्ह्यू या भागांत जुनी गुजराती वस्ती आहे.

सामना नसेल त्या दिवशी डोंबोशावाच्या खडकांवर जा, शहरापासून तीसेक किलोमीटर. गुहेत सान या इथल्या आदिवासी लोकांनी काढलेली चित्रं आहेत, वरून सगळा परिसर दिसतो. व्हिक्टोरिया धबधब्याला ऑक्टोबरमध्ये पाणी कमी असतं, तरी झिम्बाब्वेच्या बाजूने मुख्य धार दिसते. रस्त्याने साडेआठशे किलोमीटरहून जास्त पडतं, विमानच बरं. आणि तिकडे जायचं तर मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारून निघा.

अंतिम सामना ४ ऑक्टोबरला झिम्बाब्वेने नामिबियाकडून जिंकला. पण नामिबियाचं काही अडलं नाही. आठवड्याभरात विंडहूकच्या नव्या मैदानावर त्यांनी दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या चेंडूवर हरवलं! तो सामना माझा हुकला, याची चुटपुट अजून आहे.

२०२७चा एकदिवसीय विश्वचषक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात आहे, म्हणजे हरारेत पुन्हा हाच मोसम. राहायला मैदानाजवळचा अव्हेन्यूज भाग सोयीचा, दिवसा चालत जाता येतं. रात्री मात्र दोनशे मीटरसाठीसुद्धा टॅक्सीच करा. तिन्ही देशांचे व्हिसा वेगवेगळे लागतात, तेव्हा कागदपत्रांची जमवाजमव सामन्यांची तारीख ठरली की लगेच सुरू करा.